आधी स्वतःला टोचलं, मग लोकांना! प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकीन यांची गोष्ट

चंदनसार (विरार पूर्व) : हाफकीन हे नाव आपल्या भागात बहुतेकांनी ऐकलेलं आहे. भातलावणीत कुणाला साप चावला की सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते बनवणाऱ्यांत हाफकीनचं नाव जुनं आहे. लहान पोरांच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब टाकतात, तेही तिथे बनत आले. पण हाफकीन नावाचा एक जिताजागता माणूस होता, तो कुठून आला, मुंबईत त्याने काय केलं आणि त्याच्या वाट्याला काय आलं, हे फार थोड्यांना माहीत आहे.

कोरोनाच्या लशीच्या वेळी गावपाड्यांत फिरलेले मेसेज आठवून बघा. लस घेतली की माणूस नामर्द होतो, बायकांना मूल राहत नाही, दोन वर्षांत सगळे मरणार. आपल्याला वाटलं हे व्हॉट्सअॅपमुळे झालं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी, मोबाईल सोडा, साधा फोनही बहुतेकांकडे नव्हता, तेव्हा प्लेगच्या लशीबद्दल जवळपास याच गोष्टी लोक एकमेकांना सांगत होते. त्या गोंधळात खरं काय आणि खोटं काय हे ठरवायचं कसं, याचा धडा हाफकीन यांच्या आयुष्यात सापडतो.

ओडेसाचा विद्यार्थी

वाल्डेमार हाफकीन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या बंदराच्या गावी झाला. तेव्हा ते रशियाच्या बादशहाच्या राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू धर्माचं. त्या काळात रशियात ज्यू लोकांवर हल्ले व्हायचे, घरं लुटली जायची. कॉलेजात असताना हाफकीन आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत सामील झाले. त्यात जखमी झाले, अटकही झाली. त्यांचे गुरू, मोठे शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी खटपट केली म्हणून सुटले.

शिक्षण प्राणिशास्त्राचं. म्हणजे हाफकीन पदवीने डॉक्टर नव्हते. ही गोष्ट पुढे अनेक इंग्रज डॉक्टरांना खुपत राहिली. हुशारी होती, पण रशियात प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी तो बदलला नाही. १८८८ मध्ये देश सोडून ते स्वित्झर्लंडला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचले. कुत्रं चावल्यावरची लस काढणारे लुई पाश्चर ते हेच. तिथे हाफकीन यांना संशोधकाची जागा मिळाली नाही, ग्रंथालयातलं काम मिळालं. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतूंवर काम करायचं, असं त्यांनी चालवलं.

पटकीची लस

त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, युरोपातही माणसं मारत होती. हाफकीन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस बनवली. प्राण्यांवर ती चालली. माणसाला चालेल का, हे बघायला त्यांनी दुसरं कुणी शोधलं नाही. १८ जुलै १८९२ रोजी स्वतःलाच टोचून घेतलं. ताप आला, अंग दुखलं, काही दिवसांत बरे झाले. मग त्यांच्या काही मित्रांनीही टोचून घेतलं.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. स्वतःला टोचल्याने लस काम करते हे सिद्ध होत नाही. फक्त त्याने माणूस मरत नाही, एवढंच कळतं. रोग खरंच अडतो का, हे बघायला रोग जिथे आहे तिथे जावं लागतं, आणि पटकीचं घर म्हणजे तेव्हाचा बंगाल. १८९३ मध्ये हाफकीन हिंदुस्थानात आले.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या काटाल बागान नावाच्या गरीब वस्तीत पटकी आली. वस्तीतल्या सुमारे दोनशे माणसांपैकी ११६ जणांनी टोचून घेतलं. बाकीच्यांनी घेतलं नाही. त्यानंतर वस्तीत पटकीचे जे रोगी निघाले, ते सगळे न टोचलेल्यांतले होते. वस्ती तीच, दोन्हीकडच्या लोकांचं पाणी आणि गटारही तेच, फरक होता तो फक्त सुईचा. बंगाली डॉक्टर हाफकीन यांच्यासोबत वस्तीवस्तीत हिंडले, स्वतः टोचून घेतलं, लोकांना त्यांच्या भाषेत समजावलं. अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी टोचलं. या फिरतीत हाफकीन यांना मलेरिया झाला आणि विश्रांतीसाठी परत जावं लागलं. बरं वाटल्यावर १८९६ मध्ये ते पुन्हा आले.

मुंबईत उंदीर पडू लागले

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींत, उंदीर पटापट मरून पडू लागले. मागोमाग माणसं. जोराचा ताप, काखेत नाहीतर जांघेत गाठ, आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचं ओळखलं. आधी काही जणांनी ते मानायला तयारी दाखवली नाही, पण ते खरं निघालं.

मग शहरात पळापळ सुरू झाली. काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली. आपल्या विरारच्या लाईनीनेही माणसं गुजरातकडे आणि गावांकडे पळाली. स्टेशनांवर डॉक्टर उभे राहून उतारूंच्या काखा आणि जांघा तपासू लागले. वांद्र्याच्या गल्ल्यांत आजही प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस दिसतात. तिकडे पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हिंदुस्थानात प्लेगने पुढच्या काही दशकांत एक कोटीहून जास्त माणसं मारली.

सरकारने हाफकीन यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावलं. ऑक्टोबर १८९६ च्या पहिल्या आठवड्यात ते भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. मिळाली एक छोटी खोली आणि बाहेरचा व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. काम असं की जिवंत प्लेगचे जंतू बाटल्यांत वाढवायचे, मग गरम करून मारायचे आणि त्यांची लस करायची. बाटलीतल्या रसावर तुपाचे थेंब टाकले की त्याला धरून जंतू खाली लोंबत वाढतात, ही युक्ती त्यांनीच वापरली. कामाचा ताण आणि भीती इतकी की एक मदतनीस मनाने खचला, दोघे सोडून गेले. हाफकीन मात्र थांबले नाहीत.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पुन्हा आधी स्वतःला टोचली, आणि लोकांना द्यायची त्यापेक्षा कितीतरी मोठी मात्रा घेतली. ताप चढला, सुईची जागा सुजली, पण ते उठून कामाला लागले. त्यानंतर कॉलेजातल्या डॉक्टरांनी आणि शहरातल्या काही नामवंतांनी टोचून घेतलं.

भायखळ्याच्या तुरुंगातली मोजणी

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सव्वातीनशेच्या आसपास कैदी होते. ज्यांनी तयारी दाखवली त्यांना टोचलं. ते निम्म्याहून थोडे कमी भरले. बाकीचे तसेच राहिले. जेवण, कोठड्या, काम सगळ्यांचं सारखं. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

टोचलेल्यांपैकी काही जणांत त्याच दिवशी रोग दिसला आणि ते दगावले. ते आधीच रोगाने धरलेले होते, म्हणून त्यांना वेगळं दाखवलं. पण लपवलं नाही, तेही लिहून ठेवलं. खरं विज्ञान असं असतं. आपल्या बाजूचे मेलेलेही ते मोजतं.

कैद्यांवर असा प्रयोग करणं आजच्या नियमात बसत नाही, आणि ते बरोबरच आहे. बंद दाराआड असलेल्या माणसाची मर्जी खरी किती, हा प्रश्न राहतोच. पण तुलना करून पाहण्याची पद्धत मात्र तिथून पक्की झाली.

उंधेरा गाव : अर्धं घर टोचलं, अर्धं नाही

आपण शेतकरी लोक. दुकानदार नवं खत देतो आणि पीक दुप्पट येईल म्हणतो. शहाणा शेतकरी काय करतो? सगळ्या शेतात टाकत नाही. एकाच खाचरात अर्ध्या भागाला टाकतो, अर्धा भाग तसाच ठेवतो. माती तीच, पाऊस तोच, बियाणं तेच. मग कापणीला बघतो. सगळ्या शेतात टाकलं आणि पीक चांगलं आलं, तर ते खतामुळे आलं की पावसामुळे, हे कळणार कसं?

हाफकीन यांनी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात नेमकं हेच केलं. गावात प्लेग सुरू होता. घरटी माणसं बाहेर बोलावली आणि प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना टोचलं. दोन्ही वाटण्यांत लहान, मोठे, बाया, पुरुष, अशक्त, धडधाकट सारखे येतील असं पाहिलं. गावातल्या हजारभर लोकांपैकी पाचशेच्या वर टोचले गेले.

सहा आठवड्यांनी परत येऊन घरोघर हिशेब केला. २८ घरांत प्लेग शिरला होता. या घरांतली टोचलेली माणसं ७१. त्यांतल्या ८ जणांना प्लेग झाला आणि ३ मेले. न टोचलेली माणसं ६४. त्यांतल्या २७ जणांना झाला आणि २६ मेले.

हे आकडे सावकाश परत वाचा. एकाच छपराखाली झोपणारी, एकाच चुलीवरचं जेवणारी माणसं. एका बाजूला ७१ पैकी ३ गेले, दुसऱ्या बाजूला ६४ पैकी २६. याला पुरावा म्हणतात.

आणि बघा, टोचलेलेही ३ मेले. लस शंभर टक्के वाचवते असा दावा हाफकीन यांनी केला नाही. तिचा असर काही महिनेच टिकतो, टोचल्यावर ताप येतो, हेही सांगितलं. त्याच वेळी प्लेगवर बाजारात गोळ्या, तेलं, अर्क, ताईत यांचा सुळसुळाट होता. ते मात्र सगळे हमखास गुण देणारे! ज्या औषधाने कधीच कुणी दगावत नाही आणि ज्याचा कधीच त्रास होत नाही, ते औषध कुणी मोजलेलंच नसतं.

अफवा कुठून आल्या

पंजाबात लोक सांगत, सुई हातभर लांब असते. टोचलं की माणूस जागच्या जागी मरतो, नाहीतर सहा महिन्यांनी मरतो. पुरुषाचं पुरुषत्व जातं, बाई वांझ होते. मोठ्या साहेबाने टोचून घेतलं आणि अर्ध्या तासात मेला. मुंबईत अफवा होती की इस्पितळात नेलेल्या माणसाच्या शरीरातून डॉक्टर ममियाई नावाचं तेल काढतात. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, तो अशाच भीतीपोटी. अफवा डोक्यात गेली की काय होतं, हे लॉकडाऊनमध्ये आपल्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. वेगळं सांगायला नको.

पण लोक अडाणी होते म्हणून अफवा पसरली, असं म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. त्याच्या जोरावर शिपाई आणि सोल्जर घरात घुसत, देवघरात बुटासकट जात, बायकांना रस्त्यावर तपासत, रोग्याला ओढून नेत, सामान जाळत. पुण्यात या जाचाचा स्फोट झाला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका घरातली रोगी मुलगी तपासण्यावरून मोठी दंगल झाली. जे सरकार दार फोडून आत येतं, त्याच सरकारची सुई दंडात घ्यायला माणूस कसा तयार होणार?

लस मात्र सरकारने सक्तीची केली नाही. टोचल्याचा दाखला असला की काही निर्बंधांतून सूट मिळायची. दोन डोस झाल्याचा दाखला दाखवून २०२१ च्या ऑगस्टपासून आपण विरार लोकलचा पास काढला, तसंच ते.

विश्वास बसला तो ओळखीच्या माणसांमुळे. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं आणि हाफकीन यांना प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. त्यांचं पाहून त्यांच्या समाजातल्या हजारो लोकांनी टोचून घेतलं. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकीन संस्था.

सरकारी शास्त्रही चुकलं, गावचं शहाणपण खरं ठरलं

इथे एक गंमत आहे. सरकारी डॉक्टरांना वाटायचं की प्लेग घाणीतून आणि जमिनीतून येतो. म्हणून गटारांत कार्बोलिक औषध ओतलं, घरं धुतली, चुना मारला, कौलं काढली. त्याने प्लेग थांबला नाही. उलट बिळांतले उंदीर उठून शेजारच्या घरांत गेले.

आपल्याकडच्या खेड्यांत मात्र जुनी रीत होती. उंदीर पडले की गाव सोडायचा आणि रानात, शेतात झोपड्या बांधून राहायचं. यामागचं कारण लोकांना माहीत नव्हतं. १८९८ मध्ये कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाला चावतात आणि त्यातून प्लेग येतो. त्यालाही आधी कुणी मानलं नाही. पुढे १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेतच ते पक्कं सिद्ध झालं. म्हणजे उंदरांपासून दूर रानात जाण्याची गावची रीत बरोबर होती आणि साहेबाचं कार्बोलिक फुकट गेलं होतं.

तेव्हा जुनं ते सगळं खोटं आणि सुटाबुटातलं ते सगळं खरं, असं काही नसतं. सांगणारा कोण, यावरून खरं-खोटं ठरत नाही. तपासून बघितल्यावर जे टिकतं ते खरं. गाव सोडण्याची रीत टिकली, ताईत टिकला नाही.

मलकवालची बाटली

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकवाल गावात १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. आठवड्याभरात त्यांतल्या काहींची दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं. धनुर्वात. १९ माणसं गेली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काही झालं नाही.

१९ घरांत सुतक. आपण गावात राहतो, त्या गावाचं काय झालं असेल ते आपल्याला सांगावं लागत नाही. अफवा सांगणाऱ्यांना तर आयता पुरावा मिळाला. बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

सरकारने चौकशी नेमली. समितीने म्हटलं की बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी. हाफकीन यांनी लस लवकर आणि जास्त बनावी म्हणून कार्बोलिक घालणं बंद करून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता, त्यावर बोट ठेवलं. हाफकीन यांना कामावरून दूर केलं. परका, ज्यू, आणि डॉक्टरही नाही. त्यांच्या बाजूने बोलणारे थोडे होते. १९०४ मध्ये ते लंडनला गेले.

चौकशीचे कागद बऱ्याच उशिरा छापून बाहेर आले. मग नीट वाचणाऱ्यांना त्यात दुसरंच दिसलं. त्या दिवशी गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळून न घेता नुसता औषधात बुडवून परत वापरला, आणि त्यानेच बाटलीचं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, हे आपल्याला माहीतच आहे. शिवाय बाटली भरून चाळीसेक दिवस झाले होते. परळहून निघतानाच जंतू आत असते तर इतक्या दिवसांत ते वाढून बाटलीला घाण वास आला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला कसलाच वास आला नव्हता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही हा सगळा पुरावा तपासून तेच मत दिलं.

मलेरिया डासांमुळे होतो हे हिंदुस्थानात काम करताना शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकीन यांच्यासाठी उभे राहिले. १९०७ च्या जुलैमध्ये रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकीन यांना दोषमुक्त केलं.

पण यात पाच वर्षं गेली. या काळात लशीवरचा विश्वास उडाला होता. पंजाबात प्लेग वाढतच गेला. १९०७ या एका वर्षात तिथे सहा लाखांवर माणसं प्लेगने मेली. ते सगळे लशीने वाचले असते, असं नाही म्हणता येणार. पण उंधेऱ्याचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला, तर भीतीने किती बळी घेतले असतील याचा अंदाज येतो.

मलकवालमधून दोन गोष्टी कळतात. एक, लस टोचताना चूक होऊ शकते आणि त्याने माणसं मरू शकतात. हे नाकारणारा माणूस विज्ञानाचा मित्र नाही. दुसरी, चूक नेमकी कुठे झाली हे शोधलं, की ती सुधारता येते. चिमटा उकळून घेणं हा त्यावरचा इलाज होता, लस बंद करणं हा नव्हता.

शेवटची वर्षं

हाफकीन परत आले, पण परळची जागा त्यांना मिळाली नाही. कलकत्त्याला नेमलं आणि तिथेही नव्या लशींचे मोठे प्रयोग करू दिले नाहीत. १९१४ च्या सुमारास, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास, ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. लग्न केलं नव्हतं. शेवटी स्वित्झर्लंडमध्ये लोझान शहरी राहिले आणि आपली पुंजी ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांना ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच त्यांचं निधन झालं, वय ७० वर्षं.

त्याआधी १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. आज प्लेगवर अँटिबायोटिक औषधं आहेत, त्यामुळे ती जुनी लस मागे पडली. यापेक्षा चांगलं सापडलं, म्हणून जुनं सोडलं. विज्ञानात यात कमीपणा मानत नाहीत.

आज आपल्या गावात

आता आपल्याकडचंच घ्या. साप चावला की अजूनही काही जण आधी भगताकडे नेतात. भगताने उतरवलेली माणसं वाचलेली आपण पाहिलेली असतात. पण आपल्या रानातले बरेचसे साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. अशी माणसं मंत्र म्हटला नसता तरी वाचली असती. जी खरोखर विषाने गेली, ती नशिबाने गेली असं म्हणून आपण विसरतो. भायखळ्याच्या तुरुंगासारखी दोन्ही बाजूंची मोजणी कुणी केली, तर मंत्राच्या बाजूला काही उरणार नाही. आणि भगताकडे गेलेला तास मात्र घोणस किंवा मण्यार चावलेल्या माणसाला परत मिळत नाही.

कोरोनात काढे, वाफा, गोळ्या यांचंही असंच झालं. बहुतेक रोगी तसेही बरे होत होते. जो जे घेत होता, त्याचं नाव त्या बरं होण्याला लागलं.

उलट बाजूही बघा. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि भिवंडीत गोवराची साथ आली. गोवराची लस जुनी, सरकारी आणि फुकट मिळणारी आहे. तरी लस न घेतलेली किंवा अर्धीच घेतलेली लेकरं त्यात मोठ्या संख्येने सापडली.

तेव्हा पुढच्या वेळी आरोग्याचा एखादा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी दोन मिनिटं थांबा. हे कुणी मोजलं का? घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही मोजले का? त्रास आणि मरण सांगितलं आहे का, की नुसतं शंभर टक्के गुणकारी लिहिलंय? दुसऱ्या कुणी तपासलं का? आणि तो मेसेज शेवटी काही विकायला तर लागत नाही ना? यातलं काहीच नसेल, तर तो मेसेज आपल्याच फोनमध्ये राहू द्या.

शंका विचारायला लाजायचं कारण नाही. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. सुई नवी आहे का, बाटली कधी उघडली, टोचल्यावर किती वेळ थांबायचं, हे विचारणं आपला हक्क आहे. मलकवालच्या त्या दिवशी चिमटा जमिनीवर पडताना पाहून कुणी हटकलं असतं, तर कदाचित १९ माणसं वाचली असती.

आणि शेतात साप चावला तर हातपाय न हलवता, न चिरता, न करकचून बांधता माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा.